माळव्याचा कापूस: दोष धाग्याचा की भट्टीचा?

गेल्या पावसाळ्यात मंडळाच्या बैठकीत इंदूरच्या कापड गिरण्यांवर मी एक टिपण वाचलं होतं. त्यात एक वाक्य असं होतं: ‘माळव्याचा देशी कापूस मुळातच हलक्या प्रतीचा असल्यामुळे गिरण्यांना बाहेरचा कापूस आणावा लागे.’ बैठक आटोपून चहा चालू असताना एक ज्येष्ठ सभासद जवळ आले. त्यांच्या वडिलांचा कापसाचा व्यापार होता. म्हणाले, “हलका म्हणजे नेमका कशात हलका हो? वजनात, लांबीत, की गुणात?”

मला उत्तर देता आलं नाही. मी इंजिनीअर माणूस. ‘हलक्या प्रतीचा’ हे कुठलंच एकक नाही, हे मलाच आधी कळायला हवं होतं. ते वाक्य मी जुन्या लेखांतून जसंच्या तसं उचललं होतं आणि त्या लेखकांनी ते त्यांच्याआधीच्यांकडून उचललं होतं. त्यानंतर सहा-सात महिने मी या एका शब्दाच्या मागे लागलो. आजचा लेख त्यातून निघाला आहे. त्यात थोडं रसायनशास्त्र येईल, थोडा इतिहास, आणि शेवटाकडे माझ्या स्वतःच्या नोकरीतली एक गोष्ट, जी मी तीस वर्षांत कुणाला सांगितलेली नाही.

बोंडात काय असतं

कापसाचा तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर उगवलेला केस. एक तंतू म्हणजे एकच पेशी, ताणून लांब झालेली. फूल उमललं त्या दिवसापासून ही पेशी लांब व्हायला लागते. साधारण तीनेक आठवडे ती नुसती लांबते, तेव्हा तिची भिंत अगदी पातळ असते. लांबी पुरी होत आली की आतून भिंतीला लेप बसायला सुरुवात होते. रोज एक थर. इजिप्तमध्ये कापसावर काम करणाऱ्या लॉरेन्स बॉल्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1919 साली दाखवून दिलं, की झाडाच्या खोडात जशी वर्षाची वलयं दिसतात तशी कापसाच्या तंतूत दिवसांची वलयं असतात. पंचवीस-तीस दिवस हे लेपकाम चालतं. मग बोंड फुटतं, आतला रस सुकतो, गोल नळी चपटी होते आणि स्वतःभोवती पीळ खाते. हाच पीळ सूत कातताना एका तंतूला दुसऱ्यात अडकवून धरतो.

हा लेप ज्याचा असतो त्या पदार्थाचं नाव सेल्युलोज. पूर्ण पिकलेल्या कापसाची सरकी काढून, कचरा वेचून, ओल घालवून शंभर भाग घेतले तर त्यात साधारण 94 ते 95 भाग सेल्युलोज निघतं. उरलेल्यात प्रथिनं सव्वा भाग, पेक्टिन एक भागाच्या आसपास, क्षार म्हणजे जाळल्यावर उरणारी राख सव्वा भाग, मेण अर्ध्या भागाहून थोडं जास्त, आणि सेंद्रिय आम्लं व साखर मिळून एक भाग. कापूस कुठला, किती पिकलेला, यावर हे आकडे थोडे हलतात. सेल्युलोज 88 पासून 96 पर्यंत नोंदलेलं सापडतं. पण लिग्निन, म्हणजे लाकडाला लाकूडपणा देणारा पदार्थ, कापसात जवळजवळ नसतोच.

दुसऱ्या तंतूंशी तुलना केली की कापसाचं वेगळेपण लक्षात येतं. जवसाच्या खोडापासून निघणाऱ्या लिननमध्ये सेल्युलोज सत्तर टक्क्यांच्या आसपास. ज्यूटमध्ये साठ-पासष्ट, आणि बारा टक्क्यांच्या आसपास लिग्निन. म्हणून गोणपाट उन्हात पिवळा-तपकिरी पडतो. आपल्या गोव्या-कोकणातला काथ्या घेतला तर त्यात लिग्निन चाळीस टक्क्यांच्या घरात असतं. म्हणून तो राठ, आणि म्हणूनच खाऱ्या पाण्यात लवकर न कुजणारा. निसर्गात इतकं शुद्ध सेल्युलोज आयतं देणारा, कापड विणण्याजोगा दुसरा तंतू कापसासारखा नाही.

हे सेल्युलोज म्हणजे काय, हे पहिल्यांदा आन्सेल्म पायेन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1838 साली मांडलं. त्याने निरनिराळ्या वनस्पतींच्या भिंती घेतल्या, आम्लाने-अल्कलीने धुऊन बाकी सगळं काढून टाकलं, आणि प्रत्येक वेळी खाली उरलेला पदार्थ एकच निघाला. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, त्याच प्रमाणात. गंमत म्हणजे हे प्रमाण पिठातल्या स्टार्चचंच होतं. दोन्ही ग्लुकोजच्या कड्यांच्या साखळ्या. फरक फक्त कडी कडीला कशी जोडली आहे एवढाच. त्या एवढ्याशा फरकामुळे भाकरी पचते आणि धोतर पचत नाही. ही साखळी हजारो कड्यांची, एकसंध आणि लांब असते, ही गोष्ट मात्र पटायला 1920 नंतरचा काळ लागला. हेर्मान श्टाउडिंगर हे सांगत होता तेव्हा भलेभले हसले. 1953 साली त्याला नोबेल मिळालं.

साखळी लांब, म्हणून धागा मजबूत. साखळी मध्येच तुटली, तर धागा डोळ्यांना तसाच दिसतो पण ताण सोसत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

‘सुरती’ नावाची बदनामी

आता प्रश्न असा, की देशी कापसात यातलं काय कमी होतं?

माळव्यात पूर्वापार पिकणारा कापूस म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या भाषेत गॉसिपियम आर्बोरियम. अमेरिकन म्हणून जो आला तो गॉसिपियम हिर्सुटम. दोन्हींचं रासायनिक पृथक्करण समोरासमोर ठेवलं तर ढोबळ मानाने चित्र एकच दिसतं. सेल्युलोज तेच, साखळी तीच, मेण-पेक्टिन त्याच हिशेबात. किंबहुना देशी आणि अमेरिकन यांत जेवढा फरक पडतो त्याहून जास्त फरक एकाच शेतातल्या पिकलेल्या आणि अर्धकच्च्या बोंडांत पडतो, कारण कच्च्या तंतूत लेप पुरता बसलेला नसतो. रसायनशाळेत देशी कापूस हलका ठरत नाही.

फरक आहे तो लांबीत आणि जाडीत. देशी तंतू पाऊण इंचाच्या आसपास, थोडा जाड. अमेरिकन तंतू इंचभर किंवा त्याहून लांब. हाताने कातणाऱ्या बाईला याची अडचण नव्हती. तिची बोटं तंतू जसा येईल तसा सोडत जातात. ढाक्याची मलमल ज्या कापसाची व्हायची तोही आर्बोरियमच, आखूड धाग्याचाच. अडचण यंत्राला झाली. कातण्याच्या यंत्रात रुळांच्या जोड्या असतात. मागच्या जोडीपेक्षा पुढची जोडी वेगाने फिरते आणि कापसाची पेळू ताणून बारीक करते. दोन जोड्यांमधलं अंतर तंतूच्या लांबीला धरून ठेवावं लागतं. लँकेशायरची यंत्रं अमेरिकन कापसाच्या मापाने लावलेली. त्यात आखूड तंतू घातला की तो दोन्ही रुळांच्या पकडीबाहेर मध्येच तरंगतो, सूत कुठे जाड कुठे बारीक येतं आणि तुटतं. दोष द्यायचाच तर जुळणीला द्यायला हवा. माप घेताना ज्याचं अंग समोर नव्हतं त्याला अंगरखा बसला नाही, एवढंच.

पण इतिहासात शब्द राहिला तो ‘हलका’. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस बंद झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस घ्यावा लागला. मुंबईहून जाणाऱ्या या मालाला तिकडे सरसकट ‘सुरत’ म्हणत. तो शब्द तिथे जवळजवळ शिवीसारखा झाला. देवा, कापूस पाठव पण सुरती नको, अशी प्रार्थना गिरणी कामगारांनी केल्याचा किस्सा तिकडे अजून सांगतात. त्या कामगारांचाही फार दोष नव्हता. तुकड्यावर मजुरी, आणि सूत तुटलं की मजुरी बुडायची.

त्यात भेसळीचीही भर पडली, हे नाकारण्यात अर्थ नाही. गाठींत कचरा, सरकी, माती, आणि वजन वाढवायला पाणी. सेल्युलोजला पाण्याची ओढ फार. हवेतल्या नुसत्या ओलीने कापूस सात-आठ टक्के वजन धरतो, आणि बाजारातही साडेआठ टक्के ओल रास्त धरण्याची पद्धत होती. त्यावर कुणी मुद्दाम पाणी मारलं तर हाताला लगेच समजत नाही. मुंबई सरकारने 1863 मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदाच केला. पण नीट पाहिलं तर ही लबाडी माणसाची होती. बदनामी झाली ती झाडाची.

बेळगाव-धारवाडकडच्या सभासदांसाठी एक गोष्ट इथे सांगायला हवी. ईस्ट इंडिया कंपनीने 1840 साली अमेरिकेतून मळेवाले आणवून इकडे अमेरिकन कापूस रुजवण्याचा खटाटोप केला. बहुतेक ठिकाणी तो फसला, धारवाड भागात मात्र तो रुजला. ‘धारवाड-अमेरिकन’ हे नाव पुढे बाजारात कायम झालं. माळव्याच्या काळ्या मातीत, इथल्या पावसात टिकणारा होता तो देशीच.

परटाची भट्टी आणि गिरणीचं भांडं

कोऱ्या मांजरपाटावर पाण्याचा थेंब टाकून बघा. तो मोत्यासारखा उभा राहतो, मुरत नाही. वर सांगितलेलं ते अर्धा भाग मेण आणि एक भाग पेक्टिन तंतूच्या बाहेरच्या पापुद्र्यात बसलेलं असतं, त्याचा हा परिणाम. हे काढल्याशिवाय कापड पांढरं होत नाही आणि रंगही धरत नाही.

आपल्याकडचे परीट हे काम कैक शतकं करत आले. सज्जीखार किंवा खारी माती पाण्यात कालवायची, कापड त्यात भिजवून भट्टीवर वाफवायचं, मग नदीवर आपटायचं आणि उन्हात पसरून पुन्हा पुन्हा पाणी शिंपडायचं. अल्कलीने मेण सुटतं, पेक्टिन विरघळतं. उन्हाने रंगद्रव्य उडतं. आणि दगडावर आपटून धोतर फाटत कसं नाही? तर सुती धागा ओला झाला की कोरड्यापेक्षा अधिक मजबूत होतो. रेशमाचं आणि कृत्रिम रेशमाचं याच्या उलट आहे. परटाला हे पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

रंगाऱ्यालाही सेल्युलोजचा स्वभाव ठाऊक होता. रेशीम-लोकर ही प्रथिनं; ती रंग सहज धरतात. सेल्युलोज तसं धरत नाही, त्याला मध्यस्थ लागतो. धार जिल्ह्यातल्या बागचे छापे बघा. आधी मीठ, एरंडेल आणि शेळीच्या लेंड्यांत कापड मुरवायचं, मग तुरटीने लाल, लोखंडाच्या पाण्याने काळा. तुरटी आणि लोखंड हे ते मध्यस्थ.

इंदूरात तुकोजीराव दुसऱ्यांच्या कारकिर्दीत होळकर दरबारची गिरणी निघाली. 1909 मध्ये मालवा युनायटेड मिल आली, पुढे हुकुमचंद, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार, भंडारी अशी रांगच लागली. या गिरण्यांत परटाच्या भट्टीची जागा घेतली ती किअर नावाच्या उभ्या, बंद लोखंडी भांड्याने. दोन-दोन टन कापड त्यात दाबून भरायचं, कॉस्टिक सोड्याचं पाणी सोडायचं, वाफेचा दाब चढवायचा आणि सात-आठ तास उकळायचं. नंतर ब्लीचिंग. सूत्र परटाचंच, फक्त खार दसपट जहाल आणि भांडं बंद.

आता माझी गोष्ट.

1992 साली मी इथल्याच एका मिलमध्ये ट्रेनी इंजिनीअर होतो. नाव सांगत नाही, ती मिल आता उरलेलीही नाही. काम बॉयलर आणि वाफेच्या लाइनीवर, त्यामुळे प्रोसेस खात्याचं किअरही माझ्याकडे. दाब चढवण्याआधी वरची तोटी उघडी ठेवून आतली हवा पूर्ण बाहेर जाऊ द्यायची, नुसती वाफ यायला लागली की मग बंद करायची, असा नियम. त्या दिवसांत वाफ वाया जाते म्हणून वरून सारखी बोलणी बसत होती. एका रात्रपाळीत मी तोटी लवकर बंद केली. किती लवकर, ते आज नक्की सांगता येणार नाही. पण लवकर केली हे नक्की.

कापड बाहेर आलं ते छान दिसलं. ब्लीचिंगनंतर ताणलं, आणि वरच्या थरातलं कापड कागदासारखं फाटलं. चौकशी लागली. किअरवरचा म्हातारा कामगार मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “बाबूजी, हवा पूरी निकली थी ना?” मी म्हणालो, हो. अहवाल मीच लिहिला. कारण लिहिलं: स्थानिक खरेदीचा कापूस हलक्या प्रतीचा व अपरिपक्व. साहेबांना ते पटलं, कारण ते सगळ्यांना आधीपासून माहीतच होतं. ज्या जिनिंगवाल्याचा तो माल होता त्याच्या बिलातून रक्कम कापली गेली. पुढच्या हंगामात त्याला ऑर्डर मिळाली नाही.

या लेखासाठी वाचताना मला ऑक्सिसेल्युलोज हा शब्द भेटला. 1880 च्या दशकात फ्रान्समध्ये जॉर्ज विट्झने हे प्रकरण उलगडलं होतं. जहाल अल्कली, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की सेल्युलोजची लांब साखळी जागोजागी तुटते. कापड दिसायला तसंच राहतं, बळ जातं. हवा अडकते ती भांड्याच्या वरच्या भागात, म्हणून नुकसानही वरच्या थराचं. आमच्या किअरमध्ये तंतोतंत हेच झालं होतं. आणि तपासायला फार काही लागलं नसतं. बिघडलेल्या कापडाचा तुकडा मेथिलीन ब्ल्यूच्या पातळ द्रावणात बुडवून धुतला असता तर खराब जागा गडद निळी झाली असती. अपरिपक्व कापूस असता तर सगळ्या ताग्यात दोष आला असता, फक्त वरच्या थरात नाही. एवढा तर्क तेव्हाही करता आला असता. मी केला नाही, कारण कापूस हलका हे उत्तर तयार होतं.

म्हणजे लँकेशायरने जे केलं तेच मी एका पानाच्या अहवालात केलं. जुळणी माझी चुकली होती, नाव मात्र कापसाचं घातलं. तो जिनिंगवाला आज हयात नाही. त्या म्हाताऱ्याला उत्तर ठाऊक होतं असं मला आता वाटतं. त्याने पुन्हा कधी विचारलं नाही.

पऱ्हाटीचं रसायन आणि वाड यांचं नाव

कापसाच्या रसायनाची दुसरी बाजू शेतात आहे, आणि ती आपल्या इंदूरच्या अभिमानाची आहे.

सेल्युलोजमध्ये कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढंच असतं. कार्बन आणि ऑक्सिजन हवेतून येतात, हायड्रोजन पाण्यातून. म्हणजे रुईची गाठ माळव्याबाहेर गेली तरी जमिनीचं सत्त्व तिच्याबरोबर फारसं जात नाही. जातो तो तेवढा सव्वा टक्का क्षार आणि थोडी प्रथिनं. नत्र आणि स्फुरद जास्त जातं ते सरकीत. आणि उरलेली पऱ्हाटी? तिच्यात उलट आहे. तिचा साधारण पाव हिस्सा लिग्निन. कडक, चिवट, नत्राला दरिद्री. जमिनीत पुरली तर लवकर कुजत नाही, आणि कुजताना मातीतलंच नत्र ओढून घेते. म्हणून शेतकरी ती चुलीत घालायचा किंवा बांधावर जाळायचा.

1924 साली इंदूरात इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री निघाली. जमीन होळकर दरबारची, सुमारे 300 एकर. पैसा मुख्यतः इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीचा. संचालक अल्बर्ट हॉवर्ड. काम कापसाचं. पण हॉवर्डचा रोख असा, की नुसतं बियाणं बदलून काय होणार, आधी जमीन सुधारा. तिथे पऱ्हाटीचा प्रश्न सुटला. आधी ती शेताच्या रस्त्यावर पसरायची, गाड्यांच्या चाकांखाली आणि बैलांच्या पायांखाली तिचा चुरा व्हायचा. मग तो चुरा इतर पाचोळ्याबरोबर गोठ्यात बैलांखाली अंथरायचा, म्हणजे मूत मुरून नत्र मिळतं. मग 30 फूट लांब, 14 फूट रुंद, दोन-तीन फूट खोल खड्ड्यात शेण, मुताची माती आणि राख यांच्याबरोबर थर द्यायचे, ओल राखायची, ठरावीक दिवसांनी उलथायचं. तीन महिन्यांत काळंभोर खत. सुरुवातीला कार्बन आणि नत्र यांचं प्रमाण 33 ला 1 च्या आसपास हवं, हे तिथल्या रासायनिक कामातून ठरलं. जगभर ही रीत ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेली. 1935 मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला आले तेव्हा त्यांनी ही जागा मुद्दाम पाहिली.

या पद्धतीवरचं मूळ पुस्तक 1931 साली ऑक्सफर्डने काढलं. त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावं आहेत. पहिलं हॉवर्ड. दुसरं यशवंत डी. वाड, संस्थेच्या रसायन विभागाचे मुख्य साहाय्यक. आडनाव वाचलं की आपल्या कानाला घरचं वाटतं. शेणाच्या, काडीच्या, खताच्या प्रत्येक टप्प्यावर नत्र मोजण्याचं काम रसायन विभागाचं. हॉवर्ड 1931 मध्ये विलायतेला गेले. त्यानंतरही वाड यांनी एफ. के. जॅक्सन यांच्याबरोबर हे काम पुढे नेलं आणि गावातल्या मैल्याचं व कचऱ्याचं खत करण्यावर 1930 च्या दशकात पुस्तिका काढली. आज सेंद्रिय शेतीवर बोलणारे जगातले लोक हॉवर्डचं नाव घेतात, ‘इंदूर’ही म्हणतात. वाड यांचं नाव क्वचित निघतं. आपल्या मंडळाने तरी ते दोघांचं म्हणून लिहावं, अशी माझी विनंती आहे.

पेटीतलं कापड

हा लेख वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी आजीचं लुगडं, पणजोबांचं उपरणं, एखादी जुनी माहेश्वरी असेल. वरच्या रसायनातून चार गोष्टी हाताशी येतात, त्या सांगून संपवतो.

एक: धागा सुती की रेशमी हे बघायला कडेचा एक सुटा दोरा जाळा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास, कारण कागदही सेल्युलोजच. रेशीम असेल तर केस जळल्यासारखा. दोन: सुती कापड अल्कली सोसतं, आम्ल सोसत नाही. म्हणून ते वर्तमानपत्रात गुंडाळू नये. तो स्वस्त कागद लिग्निनचा, जुना होताना आम्ल सोडतो. लाकडी पेटीलाही ते थेट टेकू नये. जुन्या, धुतलेल्या सुती धोतरात गुंडाळणं हा आजीचा उपायच बरोबर होता. तीन: माहेश्वरीत उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा असेल, तर सोड्यात उकळायची चूक करू नका. सूत टिकेल, रेशीम विरघळेल. चार: जुन्या छाप्यात काळ्या रंगाच्या जागाच आधी झिरपट होतात. त्यात लोखंड असतं, तेच सेल्युलोजला खातं. ती कसर नव्हे. डांबरगोळ्यांनी थांबणार नाही.

शेवटी, ज्या वाक्यापासून सुरुवात झाली ते दुरुस्त करतो. मंडळाच्या दप्तरात माझ्या टिपणातलं वाक्य आता असं वाचावं: ‘माळव्याच्या देशी कापसाचा तंतू आखूड होता, गिरण्यांची यंत्रं लांब तंतूच्या मापाने लावलेली असल्यामुळे त्यांना बाहेरचा कापूस आणावा लागे.’ ज्या सभासदांनी प्रश्न विचारला, त्यांना हे मी फोन करून आधीच वाचून दाखवलं. ते म्हणाले, “हं, आता बरोबर आहे.” 1992 चा तो अहवाल मात्र मला दुरुस्त करता येत नाही. म्हणून तो इथे लिहून ठेवला.